दोन बोटांचा आस

माघ सरत आला तेव्हा पेद्दचेरू तळ्याचं पाणी बांधाच्या नवव्या पायरीखाली गेलं होतं. पाणी उतरलं की मासे मधल्या डोहात गोळा होतात आणि ओढीचे दिवस येतात. संक्रांतीपासून रोज पहाटे वीस गडी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून गुत्तेदाराचं, म्हणजे तळ्याचा ठेका घेतलेल्याचं, जाळं ओढत होते. डाव्या दोरावर सगळ्यांत पुढे हिम्मतराव भोई असायचा. खांद्यावर गोणपाटाची घडी ठेवूनही दोरानं त्याची कातडी सोलून काढली होती. त्याची बायको चतुराबाई रोज संध्याकाळी तिथं हळद-तेल लावायची आणि दुसऱ्या दिवशी दोर ते पुसून टाकायचा.

तळ्याकाठी भोयांची अकरा घरं. हिम्मतरावाचा आजा नांदेडकडून, गोदावरीच्या काठावरून, या बांधाच्या कामावर आला आणि इथंच राहिला. घरात मराठी, बाजारात तेलुगू, आणि वरच्या माणसाशी दखनी उर्दू. शहरातल्या अफझलगंजाहून बसनं सव्वा तास लागायचा, पण ते शहर दरवर्षी थोडं जवळ येत होतं. पूर्वी तळं भोयांच्या सोसायटीकडे असायचं. नवं धोरण आलं, हर्राजी, म्हणजे लिलाव, सगळ्यांना खुली झाली, आणि त्र्याण्णव साली तळं शहरातल्या एका गुत्तेदाराकडे गेलं. त्याची स्वतःची बर्फाची फॅक्टरी होती आणि दोन लॉऱ्या होत्या. जुनी जाळी त्यानं नको म्हटली. परदेशी नायलॉनचं हिरवं तयार जाळं आणलं. त्याचा आस, म्हणजे एकेका भोकाचं माप, इतका बारीक की चतुराबाईची करंगळीसुद्धा आत जाईना.

ओढ संपली की जाळ्याची खोळ बांधावर रिकामी करायची. मोठे मासे गडी निवडून बर्फाच्या पेट्यांत भरायचे. उरलेलं बायका फावड्यानं एका बाजूला लोटायच्या: बोटाएवढी पिल्लं, झिंगे, पाणसाप, चिखलातले खेकडे, नाव नसलेलं काहीबाही. त्याला सगळे कचराच म्हणायचे. दुपारी कोंबड्यांच्या खाद्याच्या कारखान्याची लॉरी यायची आणि तो ढीग ढिगाच्याच भावानं उचलून न्यायची. तो कधी कुणी तोलला नव्हता.

त्या वर्षी मासा कमी पडायला लागला. गुत्तेदारानं मार्गशीर्षात दोन लाख बोटुकली, म्हणजे रोहू-कटल्याची बोटाएवढी पिल्लं, विकत आणून तळ्यात सोडली होती. ती आता वीतभर तरी व्हायला हवी होती. ती कुठं गेली, असं त्यानं विचारलं, आणि त्याचा माणूस यादगिरी यानं भोयांच्या घरांकडे बोट दाखवलं. चोरतात, म्हणाला. गुत्तेदारानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं की उगादीच्या पाडव्यापर्यंत मासा वाढला नाही, तर समुद्राकडच्या मासेमारांच्या टोळ्या आणीन. त्यांची स्वतःची माणसं असतात, मग इथल्या कुणाचं काम राहणार नाही.

त्या दिवसापासून काम संपल्यावर बायकांनी एकेक करून यादगिरीसमोर उभं राहायचं, पदर झटकायचा आणि ओचा सोडून दाखवायचा असं ठरलं. चतुराबाईचं वय पन्नास. तिनं पदर झटकला त्या वेळी हिम्मतराव चार हात अंतरावर दोर गुंडाळत होता. त्यानं मान वर केली नाही. घरी गेल्यावर चतुराबाईनं भाकरी थापल्या, त्यानं खाल्ल्या, आणि तो एवढंच म्हणाला की उद्यापासून जाड लुगडं नेसत जा.

गुत्तेदारानं चोरीची तक्रार सरकारच्या मत्स्य खात्याच्या ऑफिसातही केली. चौकशीला आली ती सुलभा. शहरातल्या जामबागेत राहणारी, तिथल्याच मराठी शाळेत शिकलेली, शिक्षकाची मुलगी. वय सव्वीस-सत्तावीस. ऑफिसात तिच्याकडे आकड्यांचं काम होतं. खांद्याला पिशवी, पिशवीत छापील फॉर्म, एक लटकता काटा आणि पाण्याची बाटली. किती मासा निघतो आणि किती पेट्यांत जातो एवढंच तिनं बघायचं होतं.

पहिल्या दिवशी तिनं तेच बघितलं. पेट्यांचा हिशोब बरोबर निघाला. मग ती ढिगाजवळ आली आणि हे किती आहे म्हणून यादगिरीला विचारलं. तो म्हणाला, हा मासा नाही, कचरा आहे. तरी किती, असं तिनं पुन्हा विचारलं. तो हसला आणि लॉरीकडे गेला.

सुलभा ढिगापाशी उकिडवी बसली. वरची पिल्लं अजून तोंडं उघडत होती. तिनं एक उचललं, उलटंपालटं केलं, आणि स्वतःशीच मराठीत म्हणाली, ‘हे कसलं?’

‘कटल्याचं हाय,’ शेजारून चतुराबाई म्हणाली. ‘डोकं बगा ना केवढं.’

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. तळ्यावर कुणी मराठी बोलेल असं सुलभाला वाटलं नव्हतं, आणि ऑफिसातल्या बाईला मराठी येईल असं चतुराबाईला वाटलं नव्हतं. सुलभानं विचारलं की तुम्हाला यातलं सगळं ओळखता येतं का. चतुराबाईला तो प्रश्नच कळला नाही. ओळखायचं काय त्यात? तिनं बोटानं ढीग उसकटला आणि सांगायला लागली. रोहू, कटला, मरळ, वाम, शिंगटी, खवली, झिंग्याच्या दोन जाती... सुलभाच्या फॉर्मवर सात रकाने होते. सात भरले, मग ती मागच्या पानावर लिहू लागली. चतुराबाई थांबली तेव्हा तेवीस नावं झाली होती. त्यातल्या चार नावांना तेलुगूतही शब्द नव्हता. ती भोयांच्या घरातलीच नावं होती, चतुराबाईला सासूनं सांगितलेली.

दुसऱ्या दिवशी सुलभानं लॉरी येण्याआधी ढीग तोलायला घेतला. टोपल्या भरभरून चौऱ्याऐंशी किलो झाला. एवढं सगळं मोजणं शक्य नाही, ती म्हणाली, म्हणून आपण थोडंच मोजू. तिनं गड्यांकडून ढीग फावड्यानं वरखाली करून घेतला, त्याचे चार भाग पाडले, प्रत्येकातून थोडं थोडं घेऊन सहा किलोची एक टोपली भरली आणि ती चतुराबाईपुढे ठेवली.

चतुराबाईला आकडे लिहिता येत नव्हते. ती विसाविसांनी मोजायची. वीस झाले की एक खडा ठेवायचा. सदतीस खडे झाले आणि वर सोळा मासे उरले. सुलभानं कागदावर काहीतरी केलं आणि म्हणाली की या ढिगात साडेदहा हजारांवर जीव आहेत.

चतुराबाईनं टोपलीकडे बघितलं, मग ढिगाकडे.

‘एवढे तुमी मोजलेच न्हाईत, ताई.’

सुलभानं समजावलं. ढीग टोपलीच्या चौदा पट आहे, म्हणून टोपलीतले जीवही चौदा पट. चतुराबाई ऐकून घेत होती, पण पटत नव्हतं. ती म्हणाली की भाताचं शीत चाचपून भात शिजला ते कळतं, पातेल्यात शितं किती ते कळत नाही. सुलभानंही हे कॉलेजात शिकलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, पण कधी पडताळून बघितलं नव्हतं. तिनं टोपली परत ढिगात उलटी केली. मग म्हणाली, ‘मोजूयात. सगळे.’

लॉरीवाला ओरडला. सुलभानं त्याला सरकारी शिक्क्याचा कागद दाखवला आणि उद्या ये म्हणून सांगितलं. बारा बायका ढिगाभोवती बसल्या. ऊन चढत होतं, वास चढत होता, माश्या तोंडावर बसत होत्या. झिंग्यांचे काटे नखांत घुसत होते. सुरुवातीला बायका हसत-बोलत होत्या. मग मोजणी चुकायला लागली, तशी बोलणी थांबली. नुसता खड्यांचा आवाज. गडी दोर वाळत घालून आले आणि पाठीमागे उभे राहिले. हिम्मतराव बायकोच्या मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. ती मान वर न करता हात मागे करायची, तो तांब्या द्यायचा.

दुपार कलली तेव्हा ढीग संपला. जिथं तो होता तिथं ओली काळी जमीन उरली होती. सुलभा आणि चतुराबाईनं मिळून खडे मोजले, दोनदा मोजले. पाचशे तेवीस खडे, वर सात. दहा हजार चारशे सदुसष्ट.

सुलभानं सकाळचा कागद काढला. दहा हजार पाचशे चौऱ्याऐंशी. तिनं दोन्ही आकडे मोठ्यानं वाचले. एका टोपलीवरून सांगितलेला आकडा, बारा बायकांनी दिवसभर बसून मोजलेला आकडा, आणि दोघांत सहा विसांचंही अंतर नव्हतं. बायकांतल्या एकीनं हात जोडले, कुणाला ते तिलाही सांगता आलं नसतं.

चतुराबाईनं विचारलं, ‘म्हंजे तळ्यातले बी असे सांगता येतील?’

येतील, पण ते जास्त अवघड आहे, सुलभा म्हणाली. चतुराबाई पाण्याकडे बघत राहिली. सारा जन्म या पाण्यात उभं राहून गेला होता. आत खूप आहेत, एवढंच तिला माहीत होतं. खूपला आकडा असतो, आणि तो एवढा असतो, हे तिला आज कळलं होतं. ढीग आज पहिल्यांदा पडला नव्हता. रोज पडत होता.

रोहू, कटला, मृगळ यांची पिल्लं बायकांनी वेगळी काढली होती. ती तीन हजार नऊशे भरली. ओढीला चाळीस दिवस झाले होते. सुलभानं पुढचे आठ दिवस रोज ढिगातली एक टोपली मोजून घेतली, आकडा थोडा खाली-वर झाला, पण फार नाही. गुत्तेदाराच्या दोन लाखांतली दीड लाख बोटुकली त्याच्याच जाळ्यातून निघून कोंबड्यांच्या खाद्यात गेली होती. चोरी कुणी केली नव्हती.

त्या आठ दिवसांत सुलभानं आणखी एक गोष्ट बघितली. चतुराबाई तळहातावर मासा घेऊन त्याचं वजन सांगायची. सुलभा मागून काट्याला लावायची. ऐंशी ग्रॅम म्हणाली तर काटा ब्याऐंशी दाखवायचा. दहा-बारा वेळा असं झाल्यावर सुलभानं काट्याचं शून्य तपासलं. चूक असली तर काट्यातच असणार, असं तिला वाटायला लागलं होतं.

अहवाल लिहून प्रश्न सुटणार नव्हता. सुलभानं हिम्मतरावाला विचारलं की पिल्लं सुटतील आणि मोठा मासा राहील असं जाळं करता येईल का. हिम्मतराव फारसं बोलणारा नव्हता. त्यानं दोन बोटं जोडून दाखवली. बापाच्या जाळ्याचा आस एवढा होता, म्हणाला, दोन बोटं सहज जायची. सगळं जाळं बदलायला नको, मासा शेवटी जातो त्या खोळीचा आस बदलला तरी पुरे.

सुलभानं आकडे दाखवले तरी गुत्तेदार ऐकायला तयार नव्हता. भोकं मोठी केली तर मासाही जाईल, म्हणाला. शेवटी त्यानं एका दिवसाची ओढ दिली, आणि अट घातली. त्या दिवशी मोठा मासा रोजच्यापेक्षा कमी निघाला, तर उगादीची वाट न बघता हिम्मतरावाच्या सगळ्या गड्यांनी दोर खाली ठेवायचा. यादगिरीनं ते भोयांच्या आळीत येऊन सांगितलं. गडी हिम्मतरावाकडे बघायला लागले. अकरा घरं त्याच्या दोन बोटांवर आली होती. त्यानं हो म्हटलं.

ऑफिसानं नायलॉनच्या सुताच्या खर्चाला मंजुरी दिली. हिम्मतराव आणि सुलभा अफझलगंजात जाऊन दोरीबाजारातून सूत घेऊन आले. त्यानं सहा दुकानांतलं सूत दातानं ओढून बघितलं, सातव्यातलं घेतलं. मग सहा दिवस ओढीवरून आल्यावर तो दारात बसून विणत राहिला. बांबूची सुई, आणि आस सारखा यावा म्हणून दोन बोटांच्या मापाची बांबूची पट्टी. नायलॉननं बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, पाण्यात गेल्या की त्या झोंबायच्या. चतुराबाई त्या चिरांत मेण भरायची. एकदा तिनं विचारलं, ‘एखादा बी मोठा सुटला तर?’

‘सुटायचा न्हाई,’ तो म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, ‘बानं हेच माप धरलं व्हतं. त्याला काय कमी पडलं?’

किती पिल्लं सुटली हे कसं कळणार, असा प्रश्न होता, आणि त्यावर सुलभानं उपाय काढला. नव्या रुंद खोळीवरून जुनी बारीक खोळ पिशवीसारखी चढवायची. आतल्या खोळीतून जे सुटेल ते बाहेरच्या खोळीत अडकेल, मग ते मोजता येईल. हिम्मतरावानं हे ऐकलं आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. सुटलेला मासा मोजायचा, ही गोष्ट त्याच्या बापाच्याही डोक्यात आली नसती. दोघांनी मिळून बाहेरची खोळ शिवली.

ओढीच्या दिवशी गुत्तेदार स्वतः आला. पांढरी गाडी बांधावर उभी राहिली. वीस गड्यांनी दोर खांद्यावर घेतले. हिम्मतरावाच्या मानेच्या शिरा सुटून आल्या होत्या. चतुराबाई काठावर पदर दातांत धरून उभी. खोळ काठाजवळ आली तशी पाण्यात उसळी दिसायला लागली, पण कुठल्या खोळीतली ते कळेना. सुलभानं खोळ बाहेर काढू नका, पाण्यातच ठेवा असं आधीच सांगितलं होतं. गड्यांनी आतली खोळ उघडून मोठे मासे तेवढे पेट्यांत काढले. यादगिरीनं काटा धरला. पेटी पेटी करत बेरीज वाढत गेली. शेवटची पेटी झाली तेव्हा दोनशे बारा किलो भरले. आदल्या आठवड्याची रोजची सरासरी दोनशे नऊ होती.

हिम्मतराव आहे तिथंच पाण्यात बसला. मानेपर्यंत पाणी आलं तरी उठला नाही.

गुत्तेदारानं आकडा ऐकला. बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरला. बाहेरची खोळ पाण्याखाली फुगली होती. तिच्यात पिल्लं होती, सगळी जिवंत, आणि ती एकत्र वळत होती. एका दिशेला वळली की सगळी खोळ रुप्यासारखी व्हायची, दुसरीकडे वळली की काळी. तो वाकून बघत राहिला. वरून गडी बघत होते, बायका बघत होत्या, यादगिरीही काटा खाली ठेवून आला. एवढं जिवंत एका जागी त्यांच्यातल्या कुणीच कधी बघितलं नव्हतं. रोज बघत आले होते ते मेलेलं होतं.

‘मावशी,’ गुत्तेदार चतुराबाईकडे वळून म्हणाला. त्यानं तिला हाक मारली ती पहिल्यांदाच. ‘ये कितने होंगे?’

चतुराबाई उतरली. तिनं पाण्याखाली हात घातला, ओंजळीत आले ते वर उचलले, बघितले आणि परत सोडले. असं तीनदा केलं.

‘धा हजार,’ ती म्हणाली. ‘त्यातले चार हजार तुमच्या पैक्याचे.’

सुलभाला काट्याची आठवणही झाली नाही. तिनं तो आकडा तसाच लिहून घेतला.

गुत्तेदार बराच वेळ तिथं उभा होता. पँट भिजत चालली होती. मग त्यानं यादगिरीला तेलुगूत सांगितलं की ही पिल्लं सोडून दे आणि खाद्याची लॉरी आजपासून परत पाठव. माफी त्यानं मागितली नाही, तसा तो माणूसही नव्हता. पण जाताना त्यानं हिम्मतरावाला सांगितलं की उद्याही हीच खोळ लाव, आणि त्या संध्याकाळी बायका पायऱ्यांवरून वर आल्या तेव्हा यादगिरी झडतीच्या जागेवर नव्हता. उगादी आली आणि गेली. समुद्राकडून कुणी आलं नाही.

त्या ओढीच्या दुसऱ्या दिवशी बाहेरची बारीक खोळ काढून टाकली होती. सुलभाचा तो तळ्यावरचा शेवटचा दिवस. काठावर मोजायला काही उरणारच नव्हतं, म्हणून ती साडी खोचून चतुराबाईबरोबर पाण्यात उतरली आणि दोघी खोळीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. तळ मऊ होता, पाय घोट्यापर्यंत रुतले. समोरून वीस गडी ओढत येत होते, हिरवं जाळं हळूहळू आवळत होतं.

आधी काही कळलं नाही. मग सुलभाच्या पोटरीला काहीतरी हलकं लागलं आणि गेलं. मग पुन्हा. मग एकदम इतकं की पाणीच अंगाला घासून जातंय असं वाटलं. हिम्मतरावानं विणलेल्या प्रत्येक आसातून एकेक पिल्लू निघत होतं, दोघींच्या मांड्यांना, बोटांना, लुगड्याच्या काठांना लागून मागच्या खोल पाण्यात जात होतं. पायाची बोटं हलवायचीही सुलभाला भीती वाटत होती.

‘किती गेले असतील?’ तिनं हळूच विचारलं.

चतुराबाईनं दोन्ही हात पाण्याखाली उघडे धरले होते. डोळे मिटलेले.

‘आजून चाललेत,’ ती म्हणाली.